कॅप्टनला कसं सांगायचं

बाबा : पुन्हा. मी कॅप्टन. विमान खाली येतंय, रनवे समोर आहे. बोल.

चिमी : बाबा, असं एकदम सुरू नका ना करू. आधी उंची सांगा, वेग सांगा. त्यावरून मला ठरवायचं असतं.

बाबा : उंची भरपूर. वेगही भरपूर. आता?

चिमी : सर... वेग थोडा जास्त वाटतोय का?

बाबा : नाही वाटत. गप्प बस.

चिमी : ...

बाबा : झालं? बसलीस गप्प?

चिमी : तुम्हीच म्हणालात, गप्प बस.

बाबा : अगं, को-पायलटच्या परीक्षेत तो परीक्षकही तेच म्हणणार! मुद्दाम म्हणणार. बघायला, की ही पोरगी दबते का. दोनदा दबलीस. आज तिसरी वेळ. यानंतर चौथी नाही, असं तूच सांगितलंस.

चिमी : माहितीये मला. सारखं सारखं कशाला आठवण करून देता?

आई : अहो, जरा सावकाश. म्हणजे तिच्याशी म्हणते मी. गाडी तुम्ही चालवा आपली.

बाबा : गाडी सावकाशच आहे. हिला रोज चालवायला मिळाली असती तर बरं झालं असतं, सवय झाली असती.

चिमी : आज मी चालवते म्हटलं होतं की. लायसन्स आहे माझ्याकडे.

बाबा : परीक्षेला निघालेल्या माणसाने स्टिअरिंग धरायचं नाही. डोकं ताजं ठेवायचं. तीस वर्षं बस चालवली मी, शेकडो पोरं परीक्षेला पोचवली. एकही उशिरा पोचलं नाही.

आई : ती बसने जात होती. त्यांच्या आया मागच्या सीटवर बसून घाबरत नव्हत्या.

बाबा : तू का घाबरतेस?

आई : मी कुठे? मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. चिमे, मला एकदा नीट सांग बाई. काय म्हणायचं असतं ते तुला?

चिमी : गो अराउंड.

आई : गो म्हणजे जा. एवढं कळतं मला. आणि अराउंड म्हणजे गोल ना? मग गोल जा, असं?

चिमी : शब्द सुटे केले की तसं होतं. पण दोन्ही एकत्र आले की आमच्याकडे एकच अर्थ. विमान उतरायला येतंय आणि काहीतरी बिनसलं. वेग जास्त आहे, वारा आडवा आहे, रनवेवर दुसरंच कुणी आहे. मग उतरायचं नाही. जोर द्यायचा, परत वर जायचं, एक फेरी मारायची आणि नव्याने उतरायला यायचं.

आई : मग "उतरू नका" असं सरळ का नाही म्हणत?

चिमी : कारण "उतरू नका" म्हटलं की समोरचा विचारतो, का? मग तू कारण सांगणार, तो म्हणणार मला तसं वाटत नाही, आणि तोवर विमान जमिनीला टेकणार. गो अराउंड म्हटलं की चर्चा बंद. को-पायलट म्हणो, नाहीतर कॅप्टन. दोघांतल्या कुणीही म्हटलं तरी विमान वर. का, ते वर गेल्यावर विचारायचं.

आई : आणि नंतर कळलं की उगाचच म्हटलं होतं?

चिमी : तरी कुणी रागवत नाही. एक फेरी जास्त पडली, बास. यात कुणाला चूक ठरवलेलं नसतं गं. हेच तर चांगलं आहे त्यात.

आई : छानच आहे की. म्हणजे पाहुणे दारात आलेत आणि घर आवरलेलं नाही, तर त्यांना म्हणायचं गो अराउंड. एक चक्कर मारून या, तोवर मी चादर बदलते.

चिमी : हो, अगदी तसंच! ए, बरोबर वापरलंस तू.

आई : आणि समोरच्याने काय म्हणायचं? होकार द्यायचा असेल ना काहीतरी?

चिमी : "गोइंग अराउंड." म्हणजे ऐकलं, आणि करतोय.

आई : गोइंग अराउंड. बघा हो, केवढं सोपं. एक सांगणार, दुसरा ऐकणार. आपल्याकडे कुणी लिहून ठेवला नाही असला नियम.

बाबा : माझ्या बसमध्ये असला नियम असता तर गाडी डेपोतून बाहेर पडली नसती. कंडक्टरने ड्रायव्हरला शिकवायचं? ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर.

आई : कंडक्टरने घंटी मारली की थांबत होतात ना पण?

बाबा : घंटीची गोष्ट वेगळी. घंटीला तोंड नसतं.

चिमी : बाबा, डावीकडे जरा... लागलं काहीतरी.

बाबा : खड्डा होता. रस्त्यांची वाट लावलीये सगळी.

आई : फुटपाथची कड होती ती.

बाबा : तेच ते.

चिमी : आणि हा डावा आरसा नवा बसवलाय का? याची काच वेगळी दिसते.

बाबा : पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकला. लोकांना अक्कल म्हणून नाही.

आई : ह्म्म. ह्म्म्.

बाबा : झालं हिचं सुरू. चल, चिमे, पुन्हा एकदा. मी कॅप्टन. आणि या वेळी "सर, थोडं, जरा, वाटतं" यातलं काही म्हणायचं नाही.

चिमी : थांबा ना बाबा दोन मिनिटं.

आई : पाणी देऊ का? सकाळपासून काही खाल्लं नाहीस. तुझा बाप म्हणतो खाऊन जा, तू म्हणतेस येऊन खाईन.

चिमी : नको. आई, तुला मी एक सांगू? बाबा, तुम्ही हसायचं नाही.

बाबा : नाही हसत.

चिमी : मागच्या वेळी काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. नापास झाले एवढंच सांगितलं. तो सिम्युलेटर म्हणजे अगदी खरं कॉकपिट असतं, हलतंसुद्धा. परीक्षक कॅप्टनच्या सीटवर होते. ते मुद्दाम चुकीचं उतरवत होते. आम्ही हजार फुटांच्या खाली आलो, वेग केवढा तरी जास्त. मला सगळं दिसत होतं. आकडे दिसत होते, रनवे अंगावर येत होता. शब्द इथे, इथपर्यंत आला होता.

बाबा : मग?

चिमी : मग मी खाकरले.

बाबा : काय केलंस?

चिमी : घसा खाकरला. "ह्म्म, ह्म्म." आई करते तसा. त्यांनी ऐकलं नाही असं वाटून आणखी जोरात खाकरले. तर ते म्हणाले, पाणी हवंय का? आणि तेवढ्यात विमान रनवेच्या पुढे जाऊन गवतात.

आई : अगं बाई.

चिमी : बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तुला धोका कळला नव्हता का? मी म्हटलं, कळला होता सर, मी तुम्हाला सांगितलं. ते म्हणाले, कधी? आता त्यांना काय सांगू? आमच्या घरात ते सांगणंच असतं म्हणून?

बाबा : आमच्या घरात म्हणजे?

चिमी : म्हणजे... काही नाही.

बाबा : बोल की. आमच्या घरात काय?

चिमी : तुम्ही जोरात गाडी हाणता तेव्हा आई खाकरते. तुम्ही पाहुण्यांसमोर चिडता तेव्हा खाकरते. तुम्ही डॉक्टरकडे जायचं टाळता तेव्हा खाकरते. मी लहानपणापासून तेच ऐकलंय. मला वाटायचं, मोठ्या माणसाला सांगायची हीच पद्धत.

बाबा : हिला तर सर्दीच असते बारा महिने.

आई : हो. बारा महिने सर्दी मला.

बाबा : आणि मी काय राक्षस आहे का? मला सांगितलेलं चालत नाही असं कधी झालंय?

आई : नाही हो. कधीच नाही.

चिमी : आई, हे बघ, हे आत्ता जे बोललीस ना, ते त्या कॉकपिटमध्ये म्हटलं तर माणसं मरतात.

आई : मी कशाला जाऊ बाई कॉकपिटमध्ये.

बाबा : बरं, पुरे. चूक कळली ना, मग ती आता सुधारायची. घाबरतेस कसली? तो परीक्षकही माणूसच आहे. तुला त्याला नुसता एक शब्द सांगायचाय.

चिमी : दोन शब्द.

बाबा : दोन. सांगायचे आणि मोकळं व्हायचं. इतकी वर्षं शिकलीस, एवढं मोठं विमान हलवतेस, आणि दोन शब्दांपाशी अडतेस?

चिमी : हलवायला जमतं हो. सगळं जमतं. इंजिन बंद पडलं तर काय करायचं ते झोपेतही सांगेन. पण शेजारी वडीलधारा माणूस बसलाय, त्याला तीस वर्षांचा अनुभव, आणि मी म्हणायचं की सोडा, तुमचं चुकतंय. माझी जीभच टाळ्याला चिकटते.

बाबा : चुकतंय असं म्हणायचंच नसतं ना पण? तूच म्हणालीस आत्ता.

चिमी : हो. ते डोक्याला पटतं. जिभेला पटत नाही.

आई : आज नाही झालं तर, चिमे? म्हणजे मी आपलं विचारते. आभाळ कोसळणार नाही.

चिमी : आज नाही झालं तर कंपनी मला काढून टाकणार, आई. दुसरीकडे जाईन म्हटलं तरी तिथे विचारतात, आधीचं का सुटलं. आणि काय सांगू, मला बोलता येत नाही म्हणून?

आई : बरं बरं. होईल. होईल सगळं.

बाबा : होणारच. आधी पेट्रोल टाकून घेऊ. पुढे पंप आहे तो आपल्या डाव्या हाताला. काटा खाली आलाय, परत येताना खोळंबा नको. मग राहिलेल्या रस्त्यात दहा वेळा म्हणून घे माझ्याकडून. हां, हा आला पंप. वळू या.

चिमी : ह्म्म... ह्म्म्.

बाबा : आता तुलाही झाली का सर्दी? पाणी घे मागून.

चिमी : नाही, ते... बाबा, जरा...

आई : गो अराउंड! गो अराउंड! सरळ चला, सरळ!

चिमी : सरळ, बाबा!

आई : सरळ... सरळ... हां. गेली. राहिली मागे. अगं बघ, मागे बघ, पडली का ती?

चिमी : नाही. उभी आहे. सायकल धरून उभी आहे. पाय टेकलेत तिचे.

बाबा : कोण? कोण उभी आहे?

चिमी : हात उगारून ओरडतेय आपल्यावर.

आई : ओरडू दे. ओरडतेय म्हणजे धड आहे.

बाबा : कोण म्हणतेय मी!

चिमी : सायकलवाली. आपल्या डाव्या अंगाने येत होती, पंपाच्या तोंडाशी. तुम्ही तिच्यावरच वळत होतात.

बाबा : डावीकडे कुणी नव्हतं.

चिमी : होती बाबा. माझ्या खिडकीला लागून होती. लाल जॅकेट घातलेली.

बाबा : मी आरशात बघितलं.

आई : तुम्ही विचारलं नाहीत हो.

बाबा : काय?

आई : का, ते. मी गो अराउंड म्हटलं आणि तुम्ही नुसतं सरळ केलंत स्टिअरिंग. मला वाटलं, आता विचारतील काय झालं, कशाला ओरडतेस. विचारलं नाहीत.

बाबा : ही सकाळपासून तेच घोकतेय की विचारायचं नसतं. हात आपोआप वळले.

चिमी : बाबा, गाडी बाजूला घ्या.

बाबा : घेतो. पुढे जागा आली की घेतो.

चिमी : इथेच आहे जागा. ती भिंत दिसतेय ना? तिच्यापाशी. आणखी थोडं. थांबा. बास.

बाबा : पंधरा मिनिटांत पुन्हा निघायला हवं. तुला उशीर व्हायला नको.

आई : आहे वेळ. तुम्ही जरा टेका मागे. घाम फुटलाय तुम्हाला.

बाबा : लाल जॅकेट म्हणालीस?

चिमी : हो.

बाबा : लाल. एवढं लाल काही असेल तर दिसायला पाहिजे माणसाला.

आई : तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये.

बाबा : कोण म्हणतं?

आई : मी म्हणते. फ्रिजच्या दारात ती थेंबांची बाटली ठेवता, डोळे कोरडे पडतात म्हणून. कोरड्या डोळ्यांची बाटली दुसरी असते. कोरडेपणाची मला दिली होती एकदा, म्हणून माहितीये. दाराच्या चौकटीला तुमचा डावाच खांदा लागतो. टेबलावर पेला ठेवता तोही डाव्या बाजूला अर्धा बाहेर. आरसा पार्किंगमध्ये कुणी ठोकला नाही. दोन्ही वेळा मी मागे बसले होते.

चिमी : दोन्ही वेळा? आई, दोनदा झालं हे?

बाबा : डॉक्टरांकडे गेलो होतो मी. लायसन्सच्या तपासणीआधी म्हटलं दाखवून घ्यावं. ते म्हणाले, कडेकडेची नजर गेली आहे, मधली चांगली आहे. गेलेली परत येत नाही म्हणाले. थेंब टाकून उरलेली राखायची.

चिमी : आणि गाडी?

बाबा : गाडीचं काय?

चिमी : गाडीचं काय म्हणाले?

बाबा : नको म्हणाले.

चिमी : कधी?

बाबा : तू गेल्या सुट्टीत येऊन गेलीस, त्याच्या थोडं नंतर.

चिमी : आणि तेव्हापासून रोज चालवताय तुम्ही!

बाबा : समोरचं स्वच्छ दिसतं गं मला. तो लांबचा बोर्ड वाचून दाखवू? सगळा वाचतो. मला वाटलं, मान जरा जास्त वळवली की झालं. तीस वर्षं जे केलं ते एका दिवसात कसं सोडणार? मला दुसरं काय येतं? घरात बसून काय करू? हिच्याबरोबर भाजी निवडू?

आई : निवडायला काही हरकत नाही.

बाबा : तुला माहीत होतं, तर तू आधी का नाही बोललीस?

आई : खाकरत होते की. आता मलाही कळतंय हो. इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ही सांगत होती तिच्या परीक्षेचं, विमान गवतात गेलं म्हणून, आणि मला मागे बसून घाम फुटला. हे मी शिकवलं पोरीला. दुसरं काही शिकवता आलं नाही, हे शिकवलं.

चिमी : आई, असं नको ना म्हणू.

आई : का नको? खरंय ते. मला तरी आत्ता कुठे आलं? तुझे ते शब्द होते म्हणून आलं. माझे स्वतःचे शब्द शोधत बसले असते, तर "अहो, मी काय म्हणते" इथपर्यंत येता येता ती बाई चाकाखाली असती. तुमचं चुकतंय असं मी यांना जन्मात म्हटलं नसतं. हे म्हणायला बरं पडलं.

बाबा : बरी ओरडलीस पण. कानठळ्या बसल्या.

आई : लागलं का तुम्हाला?

बाबा : नाही. म्हणजे, हो. लागायचं ते लागलं.

चिमी : मला आईच्या आधी दिसली होती ती.

आई : काय?

चिमी : ती सायकलवाली. आई मागे होती, माझ्या तर खिडकीशी होती. तुम्ही पंप आला म्हणालात, तेव्हाच बघितली मी तिला. ती आपल्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, हे थांबतील. तिचा चेहरा असा... शांत होता. आणि मी खाकरले.

बाबा : तेव्हा झाली होय तुला सर्दी.

चिमी : बाबा, मी आत्ता एक तास तेच बोलतेय, तोच शब्द घोकतेय, आणि खरी बाई समोर आली तर मी खाकरले! आईला आलं. जिने आज सकाळी अर्थ विचारला, तिला आलं. मला नाही आलं. मी आत जाऊन काय करू? मला नाही जायचं. माझ्यामागे विमानात माणसं बसणार आहेत. मी नापास झालेलीच बरी.

आई : चिमे, रडू नको. इकडे बघ.

बाबा : रडू दे तिला. चिमे, तू का नाही बोललीस? खरं सांग. मी ओरडेन म्हणून?

चिमी : ओरडण्याची नाही हो भीती. तुम्ही ओरडलात तर ओरडलात. मला वाटलं... मला वाटलं, बाबांना दिसलं असेल. बाबांना दिसलं नाही असं कसं होईल? मला दिसतं आणि बाबांना दिसत नाही, हेच मला खरं वाटेना. मी स्वतःलाच म्हणत होते, तुला काय कळतं, ते बघताहेत ना.

बाबा : ते बघत नव्हते.

चिमी : हो.

बाबा : अगं, मला दिसत नव्हतं. तुझ्या त्या परीक्षकालाही दिसत नाही असंच समजून चाल. कितीही वर्षं उडवलेलं असू दे त्याने. बापाला दिसत नाही तर त्याला काय दिसणार? उतर खाली. इकडच्या बाजूने ये.

चिमी : कुठे?

बाबा : स्टिअरिंगवर. परीक्षेला जाताना डोकं ताजं वगैरे राहू दे ते. जिवंत पोचलेलं बरं.

(दोघे उतरून जागा बदलतात. गाडी पुन्हा निघते.)

आई : गेअर बदलताना खडखड होत नाही हिची. तुमची व्हायची.

बाबा : बसचा हात आहे माझा. पुढे चौक आहे, चिमे, डावीकडून... नाही. तूच बघ.

चिमी : बघतेय.

बाबा : इथून कसं वेगळंच दिसतं. या बाजूला कधी बसलो नाही मी.

आई : कशी आहे सीट?

बाबा : पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही. सारखा ब्रेक शोधतोय.

आई : मी तेच करते मागे. सवय होते.

चिमी : ते बघा, ते पांढरं गेट. तिथेच सिम्युलेटर आहेत.

आई : केवढी मोठी शेड! आत विमान मावेल अख्खं.

चिमी : मला आत तीन-चार तास तरी लागतील. त्या झाडाखाली लावते गाडी. आत कँटीन आहे, बाहेरच्या माणसांना बसू देतात.

बाबा : आम्ही कुठे कँटीनमध्ये बसतो तीन-चार तास. तू जा निवांत. गाडी असू दे आमच्याकडे. पेट्रोलही टाकायचं राहिलंय. हा मागचा रस्ता रिकामाच असतो, मी हळू जाऊन...

चिमी : नाही.

बाबा : अगं, पाच मिनिटांचं काम. ही बसेल शेजारी, डावीकडचं ही सांगेल.

चिमी : नाही, बाबा. तुम्ही गाडी चालवायची नाही.

बाबा : आज नाही चालवत, बरं. मग तुझं होईपर्यंत...

चिमी : आज नाही, उद्या नाही. परत कधीच नाही. चावी मी आत नेतेय.

बाबा : विश्वास नाही तुझा बापावर?

चिमी : गाडीच्या बाबतीत नाही.

आई : ...

बाबा : तू काय खाकरत नाहीस आता?

आई : मला काही सांगायचं नाही. ती सांगतेय.

चिमी : गाडीची दुसरी चावीही द्या. तुमच्या खिशात असते ती.

बाबा : ती गेली कित्येक वर्षं माझ्याच खिशात असते.

चिमी : माहितीये. द्या.

बाबा : ...घे.

चिमी : मी जाते. वेळ झाली.

बाबा : हात केवढा गार पडलाय तुझा.

चिमी : भीती वाटतेय मला.

बाबा : वाटत असेल. पण ऐकू नाही आली.